लेखनाचा अनुशेष

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून पुन्हा वर्णनात्मक केली आहे. २०१२ पासून ही परीक्षा प्रामुख्याने बहुपर्यायी होती. चार पर्यायांपैकी अचूक पर्यायाचे वर्तुळ काळे करणे हेच कौशल्य त्या काळात पणाला लागत होते. नव्या रचनेत निबंधासाठी २५० गुण, सामान्य अध्ययनाच्या चार प्रश्नपत्रिकांसाठी एक हजार आणि वैकल्पिक विषयाच्या दोन प्रश्नपत्रिकांसाठी ५०० असे एकूण १७५० गुण लेखी उत्तरांवर अवलंबून आहेत. याशिवाय मराठी व इंग्रजी या भाषांच्या प्रत्येकी ३०० गुणांच्या प्रश्नपत्रिकांत किमान २५ टक्के गुण मिळाले नाहीत, तर पुढचा सगळा खटाटोप व्यर्थ ठरतो. हा बदल आधी २०२३ पासूनच लागू होणार होता. त्याविरोधात पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी दोन वर्षे पुढे गेली. 'आम्हाला तयारीला वेळ द्या', ही त्या आंदोलनामागची मागणी होती. तिचा खरा अर्थ असा होता, की पदवी घेतलेल्या हजारो तरुणांना स्वत:च्या शब्दांत सलग दोन पाने लिहिण्याची सवय उरलेली नाही.

या घटनेकडे केवळ स्पर्धा परीक्षेची बातमी म्हणून पाहणे पुरेसे नाही. अमरावती आणि अकोला या दोन शहरांना तर ते मुळीच परवडणारे नाही. 'अनुशेष' हा शब्द वऱ्हाडाला नवा नाही. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोल मोजण्याचा प्रयत्न केला, १९९४ साली वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली, २०१३ साली केळकर समितीचा अहवाल आला आणि ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदतही संपली. या साऱ्या चर्चेत अमरावती विभागाचा सिंचनाचा अनुशेष पुन:पुन्हा गाजला. रस्ते, वीज, आरोग्य, तंत्रशिक्षण यांचेही हिशेब झाले. विद्यार्थ्याच्या लेखनाचा अनुशेष मात्र कोणत्याही समितीने मोजला नाही. तो मोजायला कठीण आहे, हे खरे. पण त्याची किंमत या भागातील तरुण दरवर्षी मोजत असतो.

प्रवेशानंतरचा प्रश्न

वऱ्हाडात उच्च शिक्षणाचा विस्तार कसा झाला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. अमरावतीत १९२३ साली किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मात्र शेतकऱ्याचे मूल महाविद्यालयाच्या दारापर्यंत आणण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. पंजाबराव देशमुख यांना द्यावे लागते. त्यांची श्री शिवाजी शिक्षण संस्था, अमरावतीतील श्रद्धानंद छात्रालय आणि पुढे त्यांचेच नाव धारण करणारे अकोल्याचे कृषी विद्यापीठ (१९६९) हा त्या विस्ताराचा कणा ठरला. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व (आजचा) वाशीम हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. विद्यापीठाला नाव मिळाले ते संत गाडगेबाबांचे. ते स्वत: अक्षरशत्रू होते, पण भांडी मोडा, हातावर भाकरी खा आणि मुलांना शिकवा, असे सांगत ते गावोगाव फिरले.

या प्रयत्नांमुळे प्रवेशाचा प्रश्न बव्हंशी सुटला. दर्यापूर, अंजनगाव, चांदूर बाजार, भातकुली येथून अमरावतीला आणि पातूर, बार्शीटाकळी, तेल्हारा, बाळापूर येथून अकोल्याला एसटीच्या सवलतीच्या पासावर येणारा विद्यार्थी आज महाविद्यालयाच्या पटावर आहे. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याचा कोरकू विद्यार्थीही आहे. त्याची मातृभाषा मराठीच्या कुळातलीसुद्धा नाही. ती मुंडा गटातील आहे. त्यांपैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयीन उत्तरपत्रिका लिहिणारी ही पहिलीच पिढी. महाविद्यालयात शिरल्यावर 'चर्चा करा', 'समीक्षण करा', 'टीपा लिहा' या आज्ञांचा नेमका अर्थ काय, हे त्यांना कोणी समजावून सांगत नाही. ज्यांच्या घरात वृत्तपत्र, पुस्तके आणि शिकलेली माणसे आहेत, त्यांना हे आपोआप कळते. इतरांनी ते कसे शिकावे, याची व्यवस्था अभ्यासक्रमात नाही.

पूर्वी ही उणीव काही प्रमाणात चांगले प्राध्यापक भरून काढीत. वहीवर तांबड्या शाईने शेरे लिहून ती परत करणारे मराठी, इतिहास वा राज्यशास्त्राचे शिक्षक अनेकांना आठवत असतील. आज अनुदानित महाविद्यालयांतील बरीच पदे रिक्त असतात, तासिका तत्त्वावरील शिक्षक एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावतात आणि एका वर्गात शंभरावर नावे असतात. अशा शिक्षकाने प्रत्येकाचा मसुदा वाचून त्याच्याशी बोलावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. त्यात करोनाकाळात राज्यातील बहुतांश विद्यापीठांनी बहुपर्यायी ऑनलाइन परीक्षांचा आश्रय घेतला. लिहिण्याची उरलीसुरली सवयही त्या दोन वर्षांत मोडली.

नवे धोरण, जुनी फाइल

नेमक्या याच वेळी लेखनाची मागणी वाढली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण, समाजसहभागाचे उपक्रम आणि चौथ्या वर्षाला संशोधन प्रकल्प हे आता श्रेयांकांचे भाग आहेत. या प्रत्येकाचा शेवट एका लेखी अहवालात होतो. अहवाल कसा लिहावा, हे मात्र वेळापत्रकात कोठेही नाही.

परिणाम काय होतो, हे महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत पाहता येते. मागील वर्षाची फाइल मिळते, मुखपृष्ठावरील नाव बदलले जाते आणि स्पायरल बाइंडिंग करून ती जमा होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तेवढेही कष्ट उरलेले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे पायरीपायरीने शिक्षा, अशी त्यांची रचना आहे. हे नियम आवश्यक आहेत. परंतु नक्कल पकडणारी यंत्रणा आणि लिहायला शिकवणारी यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली उभी राहिली. दुसरीचा पत्ता नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यापुढे नक्कल करण्यावाचून दुसरा मार्गच ठेवायचा नाही आणि मग नक्कल केली म्हणून त्याला शिक्षा करायची, हा न्याय नव्हे.

अन्यत्र काय झाले?

हा पेच जगात प्रथमच उद्भवलेला नाही. १९७० साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील शालान्त उत्तीर्ण विद्यार्थ्यांना सरसकट प्रवेश खुला केला. कृष्णवर्णीय, प्युर्टो रिकन, स्थलांतरित आणि कामगार कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने वर्गात आली. त्यांचे लेखन पाहून 'ही मुले महाविद्यालयाच्या लायकीची नाहीत', असा सूर उमटला. तेथील प्राध्यापिका मिना शॉनेसी यांनी १९७० ते १९७४ या काळात नवागत विद्यार्थ्यांनी लिहिलेले सुमारे चार हजार निबंध अभ्यासले आणि १९७७ साली आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. विद्यार्थ्यांच्या चुका आळसातून वा मंदपणातून आलेल्या नसतात, त्यांच्यामागे एक तर्क असतो आणि तो ओळखला की शिकवण्याचा मार्ग सापडतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

त्याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन महाविद्यालयात केनेथ ब्रुफी यांना दुसरी गोष्ट जाणवली. शिक्षकांनी देऊ केलेल्या मदतीकडे विद्यार्थी फिरकत नव्हते. कारण ती मदत पुन्हा वर्गासारखीच वाटत होती. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे हे काम सोपवले. कोणीही आपला मसुदा घेऊन यावे, बसावे, आपल्याच वयाच्या पण थोड्या जाणत्या सोबत्याशी त्यावर बोलावे आणि जावे, अशी ही पद्धत होती. पुढे अमेरिकेतील महाविद्यालयांत अशी 'लेखन केंद्रे' सर्वत्र रुजली. पर्ड्यू विद्यापीठाच्या १९७६ सालच्या केंद्राने १९९४ पासून आपले साहित्य ऑनलाइन खुले केले आणि ते आज जगभर वापरले जाते. अशा केंद्राचे काम कागद सुधारणे हे नसून लिहिणारा माणूस सुधारणे हे आहे, अशी मांडणी स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ साली केली. ती आजही या क्षेत्रात प्रमाण मानली जाते.

ही केवळ इंग्रजीची गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. परंतु जर्मनीत बीलेफेल्ड विद्यापीठाने १९९३ साली जर्मन भाषेतील लेखनासाठी प्रयोगशाळा उघडली. पोलंडच्या सीमेवरील फ्रांकफुर्ट (ओडर) येथील विद्यापीठाच्या लेखन केंद्राने २०१० साली एक गमतीदार उपक्रम सुरू केला. ज्यांचे निबंध लिहायचे राहून गेले आहेत, त्यांच्यासाठी ग्रंथालय रात्रभर उघडे ठेवायचे आणि मदतीला सोबती बसवायचे. ही प्रथा पुढे अनेक विद्यापीठांनी उचलली. भारतात सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारख्या खासगी संस्थांनी लेखन केंद्रे चालवली आहेत. म्हणजे ज्यांना घरातूनच लेखनाचे संस्कार मिळण्याची शक्यता अधिक, त्यांच्यासाठी ही सोय आधी झाली. जेथे गरज सर्वांत तीव्र, तेथे ती पोहोचलेली नाही.

टेबलाभोवती काय घडते?

अशा केंद्राचे काम नेमके कसे चालते, हे समजून घेतल्याशिवाय त्याची उपयुक्तता पटणार नाही. उदाहरणादाखल अकोल्यातील बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी कल्पावा. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी हा त्याच्या क्षेत्र प्रकल्पाचा विषय आहे. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कापूस उत्पादकांचे कंबरडे मोडले होते. त्याच्या अहवालाचे पहिले वाक्य आहे, 'भारत हा कृषिप्रधान देश आहे'. पुढची दोन पाने इंटरनेटवरून उतरवलेली आहेत.

समोर बसलेली एम.ए.ची विद्यार्थिनी लाल पेन काढत नाही. ती त्याला मसुदा मोठ्याने वाचायला सांगते. दुसऱ्या परिच्छेदावर तोच अडखळतो. मग ती विचारते, 'तुझ्या गावात काय झालं होतं?' तो सांगू लागतो, 'ताई, पयल्या येचनीले कापूस बरा होता. मंग बोंडं सडले. माह्या बापानं पुढच्या सालापासून फरदड घेनं सोडलं.' ती म्हणते, 'हे अहवालात कुठे आहे?' ते अहवालात नसते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात राखून घेतलेले जादा उत्पन्न, अळीच्या जीवनचक्राला आधार देते, म्हणून ती घेऊ नये, असा कृषी तज्ज्ञांचा सल्ला असतो. म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या घरातच त्याच्या विषयाचा गाभा होता. त्याला तो लिहिण्याजोगा वाटला नव्हता इतकेच. अर्ध्या तासाच्या शेवटी त्याच्यापाशी एक प्रश्न असतो : गावातील किती शेतकऱ्यांनी फरदड सोडली आणि का? पुढच्या आठवड्यात तो दहा घरी जाऊन विचारेल आणि पुन्हा येईल. 'कृषिप्रधान देश' तो स्वत:च खोडेल.

या चित्रात काही नियम दडलेले आहेत. लेखणी विद्यार्थ्याच्याच हातात राहते; सोबत्याने एकही वाक्य लिहून द्यायचे नाही. आधी मुद्दा, मग त्याची मांडणी आणि पुरावा, आणि सर्वांत शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा आहे. शिक्षकाला पहिली दिसते ती वेलांटी, आणि विद्यार्थ्याची अशी समजूत होते की लेखन म्हणजे वेलांटी. तिसरा नियम असा, की केंद्रात गुण दिले जात नाहीत आणि तेथील बोलणे प्राध्यापकाच्या कानावर जात नाही. चौथा नियम वेळेचा : अर्धा तास, फार तर पाऊण तास. एका बैठकीत एक किंवा दोनच गोष्टी.

वेळ न घेता थेट यावे, ही सोयही वऱ्हाडात विशेष महत्त्वाची आहे. दर्यापूरला परतणाऱ्या मुलीची एसटी ठरावीक वेळेला सुटते. शेवटचा तास आणि बस यांमध्ये तिला जो पाऊण तास मिळतो, तोच तिचा. आठ दिवस आधी नाव नोंदवा, अर्ज भरा, विभागप्रमुखांची सही आणा, असे सांगितले तर ती येणार नाही. अर्थात या सोयीची किंमतही आहे. सत्राच्या सुरुवातीला टेबल रिकामे राहते आणि प्रकल्प जमा करण्याच्या आठवड्यात रांग लागते. जेथे अशी केंद्रे चालली, तेथे यावर साधे उपाय निघाले आहेत. गर्दीच्या काळात बैठक पंधरा मिनिटांवर आणावी, समान विषयाच्या तिघा-चौघांना एकत्र बसवावे आणि प्राध्यापकांनी पहिला मसुदा लवकर मागावा, म्हणजे शेवटच्या रात्रीचा भार हलका होतो.

वऱ्हाडीचे काय करायचे?

सोबत्यांच्या प्रशिक्षणातील सर्वांत नाजूक भाग भाषेचा आहे. 'मले', 'तुले', 'काहून', 'करून राह्यला' हे शब्द घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेपासून एकच उत्तर मिळालेले असते : हे अशुद्ध आहे. वस्तुत: वऱ्हाडी ही मराठीची नियमबद्ध बोली आहे. 'ला'ऐवजी 'ले' हा प्रत्यय ती सर्वत्र नेमाने वापरते. तो चुकून आलेला नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठीविषयक खंडातही या बोलीची नोंद आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीने तिचे सामर्थ्य दाखवले आणि अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांनी ती महाराष्ट्रभर पोहोचवली. ज्या बोलीचे साहित्य गौरवले जाते, तिच्याच बोलणाऱ्याला उत्तरपत्रिकेत खजील केले जाते, हा विरोधाभास आहे.

याचा अर्थ परीक्षेत वऱ्हाडी लिहावी, असा नाही. साहित्य महामंडळाने केलेले आणि शासनाने १९६२ साली स्वीकारलेले चौदा लेखनविषयक नियम, त्यांत १९७२ साली पडलेली चार नियमांची भर आणि प्रमाण भाषेचे संकेत विद्यार्थ्याला यायलाच हवेत. कारण नोकरीची दारे त्याच भाषेत उघडतात. प्रश्न शिकवण्याच्या रीतीचा आहे. 'तुझी भाषा चूक' असे सांगितले की विद्यार्थी गप्प होतो आणि उतारा शोधतो. 'हे तू घरी असे म्हणतोस, अहवालात असे लिहितात', असे सांगितले की त्याच्याजवळ एकाऐवजी दोन भाषा राहतात. पहिला मसुदा बोलीत लिहू द्यावा आणि दुसऱ्या मसुद्यात प्रमाण भाषेकडे वळावे, हा मार्ग त्यासाठी सोपा आहे. मेळघाटातील विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रवास तीन भाषांचा असतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी. त्याला प्रबंध इंग्रजीत लिहायचा असतो आणि त्यातील निष्कर्ष शेतकऱ्याला मराठीत समजावायचे असतात. दोन्ही दिशांचे लेखन शिकल्याशिवाय त्याचे शिक्षण पुरे होत नाही.

या संदर्भात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा विचार स्वाभाविकपणे येतो. ज्या गावाशी 'लीळाचरित्र' या मराठीच्या आद्य गद्यग्रंथाचा संबंध जोडला जातो, तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. हस्तलिखिते, बोली आणि भाषांतर यांचे संशोधन या विद्यापीठात व्हावेच. परंतु शंभर किलोमीटरच्या परिसरातील महाविद्यालयांसाठी लेखन-सोबती तयार करणे, हे कामही त्याच्या नावाला शोभणारे आहे. मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी पाठ करतात. पण मुद्देसूद अहवाल, संदर्भ देण्याची रीत, एखाद्या मताचे सभ्य खंडन यांविषयी मराठीत सुटसुटीत पुस्तिका सहजी हाती लागत नाहीत. त्या कोणी तरी तयार केल्या पाहिजेत.

खर्च किती आणि अडचण कोठे?

अशा उपक्रमाला नवी इमारत लागत नाही. दोन सोबती, दररोज तीन तास, प्रत्येकी अर्ध्या तासाची बैठक असे धरले, तर दिवसाला बारा आणि पाच दिवसांच्या आठवड्यात साठ बैठका होतात. बारा आठवड्यांच्या सत्रात त्यांची संख्या ७२० होते. सोबत्याला ताशी शंभर रुपये मानधन कल्पिले, तर ३६० तासांचे ३६ हजार रुपये होतात. एका स्नेहसंमेलनाच्या मंडपालाही याहून अधिक खर्च होतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाशी जोडलेली 'कमवा आणि शिका' ही कल्पना राज्यातील विद्यापीठांत परिचित आहे. बागेला पाणी घालण्याचे वा कार्यालयात नोंदी करण्याचे मानधन देता येते, तर लेखनात सोबत करण्याचेही देता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेतील वर्षाकाठच्या १२० तासांतही हे काम बसू शकते.

अडचण पैशाची नाही, दृष्टीची आहे. पहिला धोका, हा वर्ग 'कच्च्या मुलांचा' ठरण्याचा. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात अनुदान आयोगाने मागास व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक अध्यापनाची योजना राबवली होती. तिचा हेतू चांगला होता. परंतु प्रवर्गाची यादी लावून भरवलेल्या वर्गाला जो शिक्का बसतो, तो पुसता येत नाही. लेखन केंद्र सर्वांसाठी असले पाहिजे. सुवर्णपदक मिळवणाऱ्या विद्यार्थिनीलाही आपला मसुदा दुसऱ्याला वाचून दाखवण्याची गरज असते. त्याची जागाही ग्रंथालयात, येता-जाता दिसणारी हवी. जिन्याखालची खोली नको.

दुसरा धोका फलकाचा. नॅक समितीच्या भेटीपूर्वी उद्घाटन, छायाचित्र, वृत्तपत्रात बातमी आणि नंतर कुलूप, हे अनेक चांगल्या कल्पनांचे प्राक्तन ठरले आहे. तिसरा धोका सोबत्यानेच अहवाल लिहून देण्याचा. तो खरा आहे आणि त्यावर प्रशिक्षणाखेरीज उपाय नाही. किमान वीस-पंचवीस तासांचे प्रशिक्षण, दर आठवड्याला एका अनुभवी प्राध्यापकासोबत बैठक आणि प्रत्येक भेटीची चार ओळींची नोंद, एवढे पाळले तर केंद्राचे झेरॉक्सचे दुकान होणार नाही.

चौथा प्रश्न परिणामाचा. अशा केंद्रांमुळे गुण किती वाढतात, याचे निर्विवाद उत्तर देणे परदेशातही सोपे गेलेले नाही. कारण जे स्वत:हून येतात, ते मुळातच धडपडे असतात. म्हणूनच काही प्राध्यापक पहिली भेट सक्तीची करतात. सक्तीने आलेला विद्यार्थी नाखूश असतो, पण त्यातील काही जण दुसऱ्यांदा आपणहून येतात. मोजायचेच असेल तर किती आले यापेक्षा किती परत आले आणि पहिल्या व तिसऱ्या मसुद्यात काय बदलले, हे मोजावे.

राहिला प्रश्न यंत्राचा. चॅटजीपीटी निबंध लिहून देत असताना हा सगळा खटाटोप कशासाठी, असे विचारले जाईल. परीक्षागृहात ते यंत्र नसते, हे त्याचे व्यावहारिक उत्तर झाले. पण ते पुरेसे नाही. बोंडअळीवरील सफाईदार चार पाने यंत्र देईल; परंतु त्या विद्यार्थ्याच्या बापाने फरदड का सोडली, हे त्याला ठाऊक नाही. तेवढे सांगण्यासाठी त्या विद्यार्थ्यालाच लिहिता आले पाहिजे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करणे, नुकसानभरपाई नाकारणाऱ्या पत्राला उत्तर देणे, ग्रामसभेचा ठराव शब्दांत बांधणे ही कामे वऱ्हाडातील गावागावांत रोज अडतात. तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याला पैसे मोजणारा बाप आणि पदवीधर असूनही तो अर्ज न लिहू शकणारा मुलगा, हे चित्र दुर्मिळ नाही.

अमरावती आणि अकोल्यात आज अभ्यासिकांची कमतरता नाही. महिन्याचे भाडे भरून एका खुर्चीवर दिवसाचे बारा-चौदा तास बसणारे तरुण तेथे दिसतात. सगळे वाचत असतात, सगळे गप्प असतात, आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी असते. वर्णनात्मक परीक्षेच्या नव्या काळात या तरुणांना शांततेइतकीच बोलण्याची गरज आहे : लिहिलेले कोणाला तरी वाचून दाखवण्याची, 'हे समजले नाही' असे ऐकण्याची आणि पुन्हा लिहिण्याची. महाविद्यालयांनी पुढाकार घेतला नाही, तर ही गरज शिकवणीचे दुकानदार ओळखतील आणि त्यासाठी दहापट शुल्क घेतील. पुण्याला पाठवण्याची ज्यांची ऐपत आहे, त्यांची मुले तेथे शिकतील. बाकीच्यांच्या वाट्याला पुन्हा अनुशेष येईल. विद्यापीठाच्या विद्वत परिषदेने आणि दोन्ही शहरांतील मोठ्या शिक्षण संस्थांनी येत्या शैक्षणिक वर्षात निदान चार-पाच ग्रंथालयांत असे एकेक टेबल मांडून पाहायला हरकत नाही. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.